वरची रिंग आधी झिजली

इंजिन खोलणं काही मोठं काम नाही. पाने असले, जागा असली आणि कमरेत थोडा जीव शिल्लक असला की कोणीही खोलू शकतो. खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं. पार्ट खाली पडलेले असतात, गाडीमालक डोक्यावर उभा असतो आणि त्याला त्याच मिनिटाला ऐकायचं असतं की काय झालं आणि कोणामुळे झालं. मी म्हणायचो, आधी धुऊ तर द्या. याचा लोकांना राग यायचा. डॉक्टरसमोर गुपचूप बसणारा माणूस मिस्त्रीसमोर का बसू शकत नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमसरला भंडारा रोडवर माझं गॅरेज होतं. मागच्या वर्षी बंद केलं. मनगटं गेली, गुडघे गेले, आणि गाडीखाली शिरलो की ओढून काढायला माणूस लागायला लागला. या अंकाचे संपादक म्हणाले, मिस्त्री, गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात. गमती होत्या, नाही असं नाही. नाकाडोंगरीचे एक गुरुजी दर पंधरवड्याला यायचे, इंजिनात काहीतरी खडखडतं म्हणून. सीटखाली त्यांचाच स्टीलचा पेला होता. मी तो काढून हातात दिला. पुढच्या खेपेला गुरुजी परत हजर. "मिस्त्री, आता आवाजच येऊन नाई राहिला. काई बिगडलं तर नसन ना?" त्यांना मी चहा पाजला आणि बॉनेट उघडून उगाच दोन मिनिटं आत पाहत राहिलो. ते समाधानाने गेले.

आणि खाणीकडचा एक ठेकेदार होता. मोबाइलवर कसलासा व्हिडिओ पाहून आला आणि म्हणाला, "टर्बो काढूनच टाका. अठी कोनाले रेस लावाची हाये?" त्याला समजावता समजावता माझा घसा बसला. तेच इथे थोडक्यात सांगून टाकतो, कारण पुढे लागणार आहे.

इंजिनाला डिझेल लागतं तशी हवाही लागते. साधं इंजिन हवा ओढून घेतं. टर्बोवाल्याला ती कोंबून दिली जाते. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चक्री फिरवतो. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरी चक्री असते, ती बाहेरची हवा आत ढकलते. बस, एवढंच. पण ही दांडी इतक्या जोरात फिरते की लोखंडाला लोखंड टेकून चालत नाही, ती ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. म्हणून लांबून दामटत आलात की गाडी लगेच बंद करू नका, थोडा वेळ तशीच चालू ठेवा, असं आम्ही सांगतो. लगेच बंद केली तर ऑइल थांबतं, दांडी तापलेलीच असते, आणि उरलेलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं. हे मी आयुष्यभर सांगत आलो. ऐकणारे बोटावर मोजण्याइतके निघाले.

त्यातला एक सेवक.

सेवक हा दिलीपभाऊंचा ड्रायव्हर. दिलीपभाऊंची तुमसरला राइस मिल. उसना तांदूळ करतात, म्हणजे धान आधी वाफवायचं आणि मग भरडायचं. वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरमध्ये जाळायला धानाचाच भुसा. मिल आधी दिलीपभाऊंचे वडील पाहत. त्यांना सगळे बाबाजी म्हणत. मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळला की तुकडा किती पडणार ते सांगायचे. मग दिलीपभाऊंच्या हाती कारभार आला, दाणे रंगावरून निवडणारी मोठी मशीन आली, आणि बाबाजींच्या अंगठ्याला काम उरलं नाही. तरी ते सकाळी मिलवर येत, खुर्ची टाकून बसत.

दिलीपभाऊंची मोठी डिझेल गाडी माझ्याकडेच असायची. ती धूर फेकायला लागली. निळसर धूर, ऑइल कमी होतंय, चढावर दम नाही. इंजिन चालू ठेवून मी ऑइलचं झाकण उघडलं तर वाफेचा लोट तोंडावर आला. याला आमच्यात बॅक मारणं म्हणतात. पिस्टनच्या वरचा दाब खाली गळतो आणि ऑइलच्या जागेतून वर येतो. एवढ्या कमी चाललेल्या गाडीने बॅक मारायला नको होतं.

दिलीपभाऊ सेवकासमोरच म्हणाले, "यानंच रगडली गाडी. मी बसलो नसतो तवा किती दामटते ते मले मालूम हाये. मिस्त्री, तुमी खोला अन् मले फक्त येवढं सांगा, का हे ड्रायव्हरचं काम हाये का नाई. मंग मी पाहतो त्याचं."

सेवक गाडीच्या दारावरची धूळ हाताने पुसत उभा राहिला.

बाहेरच्या वाचकाला यात काय मोठं, असं वाटेल. एक नोकरी गेली तर दुसरी. पण तुमसर केवढंसं आहे? ड्रायव्हरच्या नावावर एकदा 'इंजिन खाल्लं' असं लागलं की भंडाऱ्यापर्यंत कोणी त्याच्या हातात चावी देत नाही. मोठ्या गाडीवरचा माणूस मग ऑटोवर येतो, तोही दुसऱ्याच्या. असे दोघेतिघे मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या एकाची तरी चूक नव्हती हे मला पक्कं माहीत आहे. त्याचं इंजिन दुसऱ्याच कोणी खोललं होतं. म्हणून दिलीपभाऊंना मी सांगितलं की सगळं धुऊन मांडल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द निघणार नाही.

आधी टर्बो काढला. दिलीपभाऊंच्या ओळखीच्या कोणीतरी तो आधीच हलवून पाहिला होता आणि दांडी हलते म्हणून टर्बो गेला असं सांगून टाकलं होतं. अरे बाबा, ती ऑइलवर तरंगायची दांडी आहे, जराशी आडवी हलणारच. पुढेमागे हलली किंवा चक्री आजूबाजूला घासली तर घाबरायचं. मी ऑइलची नळी काढून बोट घातलं. आत कोळशाचा कण नाही. म्हणजे गाडी थांबल्यावर कोणीतरी रोज तिला थोडा वेळ चालू ठेवत होतं. चालवणारा एकटा सेवक. मला बरं वाटलं.

मात्र हवा ढकलणारी चक्री पाहिली आणि चष्मा पुसून परत पाहिली. तिच्या पात्यांच्या कडा धारदार असायला पाहिजेत. या बोथट झाल्या होत्या, आणि सगळ्या सारख्याच.

मग इंजिन पूर्ण उतरवलं. क्रँकचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, शेल काढले. शेल म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या अर्धगोल वाट्या. त्यांच्यावर मऊ धातूचा पांढुरका थर असतो. तांब्याच्या भांड्यांची कल्हई उडाली की खालचं तांबं दिसतं, तसंच इथेही दिसतं. ऑइल वेळेवर बदललं नाही, किंवा मोठ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत असताना तसंच ढकललं, की कल्हई आधी उडते. या गाडीच्या शेलवर बारीक रेघा होत्या, पण तांबं कुठेच नव्हतं. क्रँकला निळा डाग नाही, म्हणजे कुठे तापलेला नाही. पिस्टनचा माथा जळलेला नाही. रगडलेल्या गाडीचं एकही लक्षण मला सापडलं नाही, आणि मी शोधायला कमी केलं नव्हतं.

आता पिस्टनच्या रिंगा. एका पिस्टनवर तीन असतात. वरच्या दोन दाब अडवतात, खालची ऑइल खरवडून परत पाठवते. यांचा न्याय करायची पद्धत सोपी आहे, फक्त घाई नको. रिंग काढायची, बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन वरखाली होतो त्या नळकांड्यात, सरळ ढकलायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट मापाच्या पातळ पत्तीने मोजायची. घाण ऑइलमधून आली असेल तर खालची रिंग जास्त झिजते. हवेतून आली असेल तर वरची आधी जाते, कारण हवेची पहिली गाठ तिच्याशीच पडते. या इंजिनात चारही पिस्टनची वरची रिंग गेली होती. खालच्या रिंगा त्या मानाने बऱ्या होत्या. बोअरमध्ये ऑइल धरून ठेवायला तिरप्या बारीक रेघा घातलेल्या असतात, त्या वरच्या भागात पुसून गेल्या होत्या. तिथे नख फिरवलं की कड लागायची.

म्हणजे हवेतून धूळ. पण एअर फिल्टर असताना धूळ आली कुठून? टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा पाइप काढून आत कापड फिरवलं. करडी राख निघाली. दोन बोटांत चोळली तर करकर वाजली. ही राख आमच्याकडे लहान मूलही ओळखतं. भुशाची राख. गावोगाव बाया तिनेच पितळी भांडी घासतात, आणि ती घासते म्हणजे डाग राहू देत नाही. तीच राख या इंजिनाने रोज पोटात घेतली होती.

शेवटी फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर इतका स्वच्छ होता की नवाच वाटावा. मी कंपनीचा छाप पाहिला, नवा नव्हता. मिलच्या आवारात उभी राहणारी गाडी आणि जुना फिल्टर एवढा पांढरा? मी तो उन्हात धरला. कागदाच्या घड्यांमधून उन्हाचे बारीक बारीक ठिपके दिसत होते.

तेव्हा सगळं जुळलं. मिलमध्ये दाणे निवडायच्या मशीनला हवा लागते, त्यासाठी मोठा कंप्रेसर असतो. मिलवाले सगळं त्याच हवेने साफ करतात. मोटर, चाळण्या, खुर्च्या, घरी जाताना स्वतःचे कपडेसुद्धा. त्या हवेचा जोर असा की उघड्या हातावर धरली तर चामडी ओरबाडली जाते. त्या हवेचं तोंड कोणीतरी रोज या कागदाला लावत होतं. फिल्टर चमकत होता आणि चाळणी होत होता.

दुसऱ्या दिवशी मी दिलीपभाऊंना बोलावलं. ते आले, सोबत बाबाजीही आले. बाबाजींना मशीन पाहायची हौस. मी गोणपाटावर सगळे पार्ट ओळीने मांडले होते. बाबाजी मांडी घालून बसले आणि एकेक पार्ट हातात घेऊन पाहू लागले. दिलीपभाऊ उभेच. सेवक दाराशी.

मी एकेक सांगत गेलो. टर्बोत कोळसा नाही, शेलची कल्हई शाबूत, क्रँक तापलेला नाही. "दिलीपभाऊ, गाडी चालवणाऱ्यानं ती जपून चालवली हाये. हे घ्या, हातात घेऊन पाहा." मग रिंग दाखवली, राख दाखवली, आणि फिल्टर उन्हात धरायला लावला.

दिलीपभाऊंनी फिल्टर खाली केला. "हवा कोनं मारली याले?"

दारातून सेवकाचा आवाज आला. "मीच मारत होतो, भाऊ."

"हे पाहा!" दिलीपभाऊ माझ्याकडे वळले. "शेवटी यानंच खाल्लं ना इंजिन? मंग कल्हई अन् फल्हई कायले सांगून राहिले मले?"

मी सेवकाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मला खटकलं. इतकी वर्षं माणसांचे हात पाहण्यात गेली. ज्या हाताला काम येतं तो हात शोधत नाही. मी फिल्टरचा डबा झाकण लावून सेवकापुढे ठेवला.

"उघडून दाखव."

"राहू द्या ना मिस्त्री. मी म्हनतो ना, मी मारली."

"उघड."

त्या डब्याला समोर क्लिपा आहेत, त्या कोणालाही दिसतात. एक मागच्या बाजूला आहे, आतून दाबायची. सेवकाने समोरच्या काढल्या आणि झाकण ओढलं. निघेना. त्याने डबा फिरवला, हलवला, परत ओढला. कपाळावर घाम आला. रोज उघडणाऱ्याचं बोट तिथे आपोआप गेलं असतं.

"दिलीपभाऊ," मी म्हणालो, "यानं हा डबा आजवर उघडला नाई. खोटं बोलून राहिला."

हे बोलताना मला अभिमान वाटला होता, हे लपवत नाही. खरं शोधून काढलं, बिनचूक काढलं आणि एका गरीब माणसाची भाकर वाचवली, असंच मनात आलं. बाबाजी गोणपाटावरून हात लांब करत होते, ते मी पाहिलंच नाही. त्यांनी सेवकाच्या हातातून डबा घेतला. मान वर न करता अंगठा मागे घातला, टक् आवाज झाला आणि झाकण निघालं.

"मी मारतो रे हवा," ते म्हणाले. "रोज सकाळी. गाडी मिलवर आली का हा चाय प्याले जाते, तवा मी काढतो. मले वाटलं, हवा मारली का मशीन जगते. आपल्या मिलमंदी तर जगते." मग झाकण गोणपाटावर ठेवत म्हणाले, "दुसरं काई काम नाई ना मले."

त्यांनी ती राख चिमटीत घेतली आणि तांदूळ पाहायचे तशी अंगठ्याने चोळली. वरची रिंग उचलली, तिच्या कडेवरून बोट फिरवलं. सांगायची गरज नव्हती. त्यांना सगळं समजलं होतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

दिलीपभाऊ वाईट माणूस नाही. सेवकाला एका शब्दाने बोलले नाहीत, उलट म्हणाले, "आधीच सांगाचं नाई का रे मले?" पण वडिलांवरचा राग त्यांना गिळता आला नाही. तिथेच माझ्या गॅरेजातल्या पोरांसमोर, बाजूच्या वेल्डिंगवाल्यासमोर म्हणाले, "बाबाजी, आजपासून कंप्रेसरले हात नाई लावाचा. कोनत्याच मशीनले नाई. घरी बसा निवांत. कोनं सांगितलं तुमाले काम कराले?" आणि तिथूनच मिलवर फोन लावून ऑपरेटरला बजावलं की बाबाजींच्या हाती पाइप द्यायचा नाही.

बाबाजी उठले. उठताना मी हात दिला, त्यांनी घेतला नाही. धोतर झटकलं आणि जाऊन गाडीत बसले. ही दुसरी गाडी होती, दिलीपभाऊंनी स्वतः चालवत आणलेली.

इंजिन मी मन लावून बांधलं. बोअर मोठे करवून घेतले, त्या मापाचे पिस्टन-रिंगा टाकल्या, टर्बोचा आतला गाभा बदलला. इंटरकूलर आणि सगळे पाइप धुऊन धुऊन पांढरे केले. हेच लोक विसरतात, आणि मागे राहिलेली राख नव्या रिंगा परत खाते. पहिल्यांदा चालू करण्याआधी नुसता स्टार्टर मारून ऑइल टर्बोपर्यंत चढू दिलं. गाडी एका हाकेला चालू झाली, धूर नाही, आवाज नाही. असं काम झालं की पूर्वी मी उरलेला दिवस खुशीत असायचो. त्या दिवशी घरी जाऊन लवकर झोपलो.

काही महिन्यांनी सेवक गाडी ऑइल बदलायला घेऊन आला. इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं, मग बंद केलं. मी बॉनेट उघडलं, सगळं ठीकठाक. त्याची नोकरी शाबूत होती, नाव शाबूत होतं. मला वाटलं, आता तरी हा पठ्ठ्या दोन शब्द चांगले बोलेल. मीच विचारलं, बाबाजी कसे आहेत?

"मिलवर नाई येत आता," सेवक म्हणाला. "घरी बसून राहतेत. जेवाले बोलवा लागते. सकाळी मी गाडी काढाले जातो ना, तर मी दिसलो का आत चालले जातेत. मले तोंड नाई दाखवत. मी म्हनलं, बाबाजी, चला ना मिलवर, नुसते बसा खुर्चीवर. तर म्हनतेत, बसून काय करू?"

मी ऑइलचा बोल्ट पुसत राहिलो. काहीतरी म्हणायला पाहिजे म्हणून म्हणालो, "पण तू खोटं काहून बोलला होतास? तुझी नोकरी गेली असती ना."

सेवकाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दमलेल्या माणसाने पाहावं तसं.

"गेली असती तर गेली असती, मिस्त्री. हवा बाबाजी मारतेत, हे मले चायच्या ठेल्यावरून रोज दिसत होतं. मी काई तरी पाहिलं असतं. कोनाचा ट्रॅक्टर चालवला असता. तुमी माझं खोटं राहू देले पायजे होतं. मले दुसरी गाडी भेटली असती. त्यायले दुसरी मिल कुठून भेटन?"

मी बोल्ट आवळला, ऑइल भरलं आणि त्याला सांगितलं, चालू कर.